अण्णांची तरतूद

सकाळी साडेसहाला दार वाजलं. नळाचा दिवस होता. आमच्याकडे नळ आठवड्याने येतो, त्यामुळे त्या दिवशी पहाटे आमची अख्खी एन-8 वसाहत जागी असते. वाटलं, मोटर बंद करा म्हणून सांगायला कुणीतरी आलं असेल. दार उघडलं तर अण्णा. काखेत फाइल, गळ्यात मफलर, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

"प्राध्यापक, एकाच शब्दात सांगा. गाय की गाढव?"

माझ्याबद्दल वर्गात चालणारा वाद यांच्यापर्यंत पोचला की काय, असं क्षणभर वाटून गेलं. पण फाइल ओळखीची होती.

"गाढव," मी म्हणालो, कारण आत बादली भरत आली होती.

"कारण?"

"गाईला लोक आहेत."

अण्णांनी जिन्यातच फाइल उघडून लिहून घेतलं: 'शेजाऱ्यांचे मत - गाढव. कारण - गाईला लोक आहेत.' खाली माझी सही घेतली, तारीख टाकायला लावली. तेवढ्यात आत बादली वाहून गेली. नळाच्या दिवशी बादली वाहणं हा आमच्या शहरात दखलपात्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा मला आतून लगेच ऐकू आली.

अण्णा स्थानिक निधी लेखापरीक्षेतून निवृत्त झाले. हे खातं ज्यांना माहीत नाही ते सुखी. जिल्हा परिषदा, नगरपालिका यांच्या वह्या तपासायच्या आणि आक्षेप काढायचे, एवढंच त्याचं काम. तीस वर्षं अण्णांनी दुसऱ्यांनी खर्च करून टाकलेला पैसा पाहिला. त्यामुळे न खर्चलेला पैसा हीच पैशाची निरोगी अवस्था, असं त्यांचं प्रामाणिक मत झालं आहे.

अण्णा कंजूष नाहीत, हे मात्र आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही चुकीचा माणूस डोळ्यांपुढे आणाल. वॉचमनच्या बायकोचं ऑपरेशन अडलं तेव्हा रात्री अकरा वाजता या गृहस्थांनी चाळीस हजार काढून दिले होते. ना कागद, ना सही. समोर माणूस उभा राहिला की अण्णांचा हात खिशात जातो. संस्था उभी राहिली की फायलीकडे जातो.

ही फाइल उघडली 2022 साली, पैठणला, नागघाटावर. अण्णांच्या आई गेल्या त्याचा दहावा दिवस होता. त्या माउलीने जन्मभर पहिली भाकरी गाईला, शेवटची कुत्र्याला आणि मधल्यातली निम्मी शेजारच्या मांजरीला घातली. पिंड मांडला. कावळे झाडावर बसले होते, पण खाली यायला तयार नाहीत. थोरली बहीण म्हणाली, "आई, धाकट्याचं लग्न लावून देऊ." कावळा ढिम्म. मेहुणे म्हणाले, "गावच्या घराची वाटणी भांडणाशिवाय करू." कावळ्याचा यावर विश्वास बसला नसावा. गुरुजी घड्याळ बघायला लागले, मागे दुसरी मंडळी पिंड घेऊन थांबली होती. शेवटी अण्णांनी हात जोडले. "आई, मुक्या जनावरांसाठी एकवीस हजार रुपये काढून ठेवतो."

कावळा तत्क्षणी शिवला.

मी तिथे हजर होतो. शब्द माझ्या कानांनी ऐकले आहेत आणि पुढे जे काही घडलं, खरं म्हणजे घडलं नाही, ते सगळं त्या शब्दांतच आहे. कारण पुढे कधी मी "अण्णा, आईला दिलेला शब्द..." असं सुरू केलं की ते बोट वर करतात. "देतो म्हणालो नव्हतो. काढून ठेवतो म्हणालो होतो. काढून ठेवलेत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुदत ठेव केली, पावती पान तीनवर आहे. तरतूद वेगळी, खर्च वेगळा. कावळ्याने तरतुदीला मान्यता दिली. हरकत असती तर शिवला नसता."

तर तरतूद झाली, आता उरली निवड. फायलीत आजपर्यंत सत्तावीस संस्था आल्या आणि प्रत्येकीवर शेरा पडला.

परळचं बाई साकरबाई रुग्णालय आधी आलं. जनावरांसाठी 1883 पासून चालू आहे, अख्ख्या मुंबईतली घोडी, बैल, कुत्री तिथे बरी होऊन गेली. अण्णांचा शेरा: 'संस्था एकशेचाळीस वर्षे चालू. आमच्या एकवीस हजारांवाचून अडलेली दिसत नाही.' मग आपल्याच शहरातल्या तीन-चार पोरांनी काढलेली एक संस्था आली. शेरा: 'संस्था तीन वर्षांची. उद्या असेल कशावरून?' हेमलकसाला प्रकाश आमट्यांनी अनाथ झालेली वन्यप्राण्यांची पिल्लं सांभाळली, ते तरी चालेल म्हटलं. अण्णा म्हणाले, "त्यांच्यावर सिनेमा निघाला, प्राध्यापक. भरल्या रांजणात माझा तांब्या कशाला?"

"मग ज्यांच्यावर सिनेमा निघाला नाही त्यांना द्या."

"त्यांचं काम कसं आहे हे कळायला मार्ग काय?"

यावर उत्तर नाही. नावाजलेल्याला गरज नाही आणि गरज असलेल्याचं नाव नाही, या दोन दगडांमध्ये अण्णांनी तीन वर्षं आरामात मुक्काम केला आहे.

सिद्धार्थ उद्यानातल्या वाघांचंही बघून झालं. वाघ महापालिकेच्या आस्थापनेवर आहे, त्याचं मांस अंदाजपत्रकात मंजूर आहे, वर देणगी दिली तर दुबार प्रदान होईल. पाखरांचं बघावं तर 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा पाखरं एकजात 'न्यायप्रविष्ट' ठरली. त्यांत चिमण्याही गेल्या, ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं. सांगली-सोलापूरकडे ‘अ‍ॅनिमल राहत’ नावाची संस्था साखर कारखान्यांवर ऊस ओढणाऱ्या बैलांना औषधपाणी करते, हे मी सुचवलं. "कार्यक्षेत्राबाहेर," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, अहो, आपल्या बीडचेच बैल जातात की तिकडे तोडीला. त्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "त्यांची सेवापुस्तकं बीडला की सांगलीला?"

गाईवर सर्वांत जास्त पानं आहेत. आईंची पहिली भाकरी गाईची, म्हणून गाईचा हक्क पहिला. अण्णा दोन गोशाळा बघूनही आले. तेवढ्यात 30 सप्टेंबर 2024 ला राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईला रोजचे पन्नास रुपये द्यायचं ठरवलं. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "राज्यमातेला परस्पर देणगी देणारा मी कोण? यात राजशिष्टाचाराचा प्रश्न येतो."

सगळ्यांत अवघड गेल्या त्या कोंबड्या. अण्णांचा भाचा सिएटलला असतो. त्याने फोनवर सांगितलं, "मामा, अमेरिकेत ‘अ‍ॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स’ म्हणून संस्था आहे. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांची ती तपासणी करते आणि कुणाला दिलेल्या डॉलरमधून जास्तीत जास्त जनावरांचे हाल कमी होतात ते काढते."

संस्थांची तपासणी करणारी संस्था! अण्णांचा आवाज भरून आला. आपलं खातं अमेरिकेत पोचल्याचा आनंद त्यांना रात्रभर पुरला. ती 2012 पासून चालू आहे हे कळल्यावर तर "आम्ही इथे त्याच्या कितीतरी आधीपासून..." असं काहीतरी अभिमानाने पुटपुटले. पण त्या तपासणीचं म्हणणं असं, की कुत्र्या-मांजरांना पैसा मिळतो आणि हाल मात्र सगळ्यांत जास्त संख्येने भोगतात त्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या. एका कुत्र्यावर होणाऱ्या खर्चात शेकडो कोंबड्यांचं काही भलं होऊ शकतं. आपल्याकडेही अंड्यांच्या कोंबडीला पिंजऱ्यात ए-फोर कागदाहून कमी जागा मिळते. विधी आयोगाने 2017 साली 269 क्रमांकाचा अहवाल या कोंबड्यांच्याच हालांवर दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर अण्णा टेबलावर एक कोरा ए-फोर कागद ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते. त्या कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. अण्णांच्या बाबतीत ही गंभीर गोष्ट आहे.

"मी रोज एक अंडं खातो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय. कोंबडी वर्षाला साधारण तीनशे अंडी देते. म्हणजे एक कोंबडी जन्मभर माझ्या सेवेत आहे. तिच्या बिनअंड्याच्या पासष्ट दिवसांचा हिशेब केला. बावन्न रविवार, तेरा सण. किरकोळ रजा शून्य. अर्जित शून्य. निवृत्तिवेतन..." पुढे ते बोलले नाहीत. चार दिवस अंडं बंद होतं.

मला वाटलं, लागला निकाल. पण अण्णांनी त्या मार्गावरच्या एका संस्थेचा ताळेबंद मागवला आणि पुन्हा सगळं बिनसलं. "ही संस्था कोंबडीला काहीच देत नाही हो! ना दाणा, ना औषध. ही कंपन्यांना पत्रं लिहिते, पिंजऱ्याविना अंडी घ्या म्हणून त्यांच्या मागे लागते, कायद्यासाठी भांडते. लाभार्थी कोंबडी आणि प्रमाणक वकिलाच्या नावाने. हे कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचं?" मी म्हणालो, पत्राने दहा लाख पिंजरे उघडणार असतील तर दाण्यापेक्षा पत्र स्वस्त पडलं. भाच्याचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. अण्णांनाही पटलं. त्यांनी 'तत्त्वतः मान्य' असं लिहिलं. ज्यांनी सरकारी फायली पाहिल्या आहेत त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको.

आयकराच्या ऐंशी-जी कलमाचा अध्याय थोडक्यात आटोपतो. देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट, दोन हजारांच्या वर रोख चालत नाही, संस्थेकडून दहा-बीई नमुन्यात प्रमाणपत्र यायला हवं, हे सगळं अण्णांनी महिनाभर तोंडपाठ केलं. एका संस्थेच्या पावतीपुस्तकावर 'औरंगाबाद' होतं म्हणून आक्षेप, दुसरीने जुनी पुस्तकं फेकून 'छत्रपती संभाजीनगर' छापून घेतली म्हणून छपाईच्या खर्चावर आक्षेप. महिन्याच्या शेवटी त्यांच्या सीएने सांगितलं की अण्णा नव्या कररचनेत आहेत आणि तिथे ऐंशी-जी लागूच होत नाही. ती सतरा पानं फायलीतून काढलेली नाहीत. काढायला सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि सक्षम प्राधिकारी तेच आहेत.

वहिनींचा विषय वेगळा. त्यांनी फाटकाशी सिमेंटचं भांडं ठेवलं आहे, त्यात आठवडी नळाच्या पाण्यातून रोज दोन तांबे पडतात, आणि दुपारी चारला पाच कुत्री, दोन मांजरी आणि एक कावळा हजेरी लावतात. अण्णा याला 'असंघटित क्षेत्र' म्हणतात आणि तिकडे बघत नाहीत.

आता गाढवाचं सांगतो. बीड बायपासच्या पलीकडे जखमी जनावरं सांभाळणारी एक जागा आहे. पत्र्याची शेड, दोन खोल्या, दहा-बारा पोरं-पोरी. अण्णांनी मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. जाताना न कळवता गेलो. तपासणी म्हणजे अचानकच, असा नियम आहे.

शेडमध्ये एक मुलगी कुत्र्याच्या पिल्लाला सिरिंजने दूध पाजत होती. अण्णांनी घसा साफ केला. "कीर्द कोण लिहितं?"

मुलीने वर पाहिलं. "काय आणलंय काका? मांजर?"

"कीर्द. बरं, राहू द्या. तुमचं डेड स्टॉक रजिस्टर दाखवा."

मुलीचा चेहरा उतरला. सिरिंज खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "काका, या महिन्यात तिघं गेली. दोन पिल्लं पार्वोने, एक म्हातारी गाय. आम्ही खूप प्रयत्न केला."

डेड स्टॉक म्हणजे टेबलं, खुर्च्या, कपाटं यांची नोंदवही, हे समजावून सांगायला अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तीस वर्षांत हे रजिस्टर मागितल्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. भीतीने आलं असेल, ते वेगळं.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. त्यातून वीटभट्टीवरचं एक गाढव उतरवलं. पाठीवर ओझ्याने पडलेली जखम, तिच्यात अळ्या, पुढच्या पायाला तार लागून चीर गेलेली. मदतनीस पोरगा एकटाच होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला धोतर-टोपीतला साक्षीदार दिसला नाही, सफारीतला लेखापरीक्षक दिसला.

"ओ साहेब, उभं काय राह्यलाव? पाय धरा की जरा. पुढचा धरा, मागचा मी बघतो."

अण्णांनी फाइल माझ्या हातात दिली. आणि मग वाळलेल्या कडब्यावर गुडघे टेकून, अडलेला नसतानाही, हरीने गाढवाचे पाय धरले. चांगला अर्धा तास. पोरगा जखमेत टर्पेंटाईनचे थेंब सोडायचा, अळ्या वर यायच्या, चिमट्याने काढायचा. गाढव थरथरायचं. अण्णा त्याला सांगत होते, "झालं, झालं, आता दोनच राहिल्यात." अळ्यांची मोजणीही चालू असणार, पण आकडा मला त्यांनी सांगितला नाही.

परतताना गाडीत वास भरून राहिला होता. मला वाटलं, आता धनादेश लिहिणार. लोखंड तापलेलं बघून मी घाव घातला. म्हटलं, "अण्णा, आपलं पैठण पन्नास किलोमीटरवर. काशीची कावड रामेश्वराला न्यायची सोडून नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. ऐंशी-जी विचारलं होतं का त्यांनी?"

अण्णांनी गाडी कडेला घेतली. एवढा अस्वस्थ झालेला हा माणूस मी दहाव्यालाही पाहिला नव्हता.

"प्राध्यापक, नाथांच्या हातात पाणी होतं आणि समोर गाढव होतं. एक कावड, एक गाढव. पर्यायच नव्हता. त्याच वेळी मोबाइलवर कुणी त्यांना कळवलं असतं की कोकणात एक बैल तहानलाय, नांदेडला माळेगावच्या यात्रेत चारशे गाढवं उभी आहेत, आणि एवढ्याच पाण्यात दहा हजार कोंबड्या जगतील, तर काय केलं असतं हो त्यांनी? कावड खांद्यावर घेऊन वाळवंटात बसले असते. माझ्यासारखे."

हे मला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही याचं उत्तर सुचलेलं नाही. मी गाडीची काच खाली केली.

त्या रात्री त्यांनी गाढवांची माहिती काढली. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातली गाढवं साठ टक्क्यांहून जास्त घटली, उरली साधारण एक लाख वीस हजार. म्हणून दुसऱ्या दिवशी साडेसहाला 'गाय की गाढव' घेऊन ते माझ्या दारात. माझी बादली वाहिली ती या गणनेपायी.

कुत्र्यांचं प्रकरण मात्र निवडीच्या बाहेरच सुरू झालं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या कुत्र्यांबद्दल आधी एक आदेश दिला आणि 22 तारखेला तो बदलला, तेव्हा आमच्या सोसायटीची बैठक तीन तास चालली. निम्मे म्हणाले कुत्री हलवा, निम्मे म्हणाले राहू द्या. अण्णांनी विचारलं, "एकूण किती आहेत?" कुणालाच माहीत नव्हतं. "संख्या माहीत नसताना चर्चा कसली करता?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर घातलं.

नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छेद देतात आणि 2023 च्या नियमांप्रमाणे त्याला उचललं तिथेच परत सोडावं लागतं. तेव्हा कान पाहिले की हिशेब लागतो. दिवसा कुत्री पांगलेली, म्हणून अण्णा रात्री टॉर्च घेऊन कान तपासत फिरायला लागले. आठव्या रात्री क्रमांक सतराने त्यांच्या पोटरीचा चावा घेतला. मी त्यांना घाटी रुग्णालयात नेलं. लस लगेच टोचली. पहिल्या सुईच्या दिवसाला तिथे 'शून्य दिवस' म्हणतात, यावर अण्णांनी नर्सशी वाद घातला, की ज्या दिवशी काम झालं तो दिवस शून्य कसा. बाकी तक्रार काही नाही. "लाभार्थी चावण्याची ही पहिलीच वेळ," ते लंगडत म्हणाले. "नोकरीत फक्त पदाधिकारी चावायचे."

ठरलेल्या सगळ्या सुया तारखेवर घेतल्या. क्रमांक सतरापुढे 'स्वभाव तापट, कान अखंड' अशी नोंद झाली.

महिन्याभराने कुत्री पकडणारी गाडी आली. एरवी ही गाडी आली की पोरं धावतात, कुत्री पळतात, शस्त्रक्रिया झालेलं एखादं पुन्हा धरलं जातं आणि न झालेलं निसटतं. या वेळी अण्णा रजिस्टर घेऊन फाटकाशी उभे. एकूण तेवीस, कान छेदलेली चौदा, राहिलेली नऊ, त्यांतल्या माद्या पाच, एक गाभण म्हणून तूर्त वगळावी. कोण कुठल्या गाडीखाली झोपतं, कोण कुणाच्या हाकेला येतं, हे सगळं रकान्यांत. वहिनींनी हाका मारल्या. दहा वाजेपर्यंत आठ कुत्री गाडीत आणि पथकातला माणूस अण्णांना विचारत होता, "साहेब, पलीकडच्या एन-9 चं असं रजिस्टर कुणी करेल का?"

काही दिवसांनी आठही परत आली, कान छेदून, त्याच फाटकाशी. क्रमांक सतरा आता अण्णांच्या मागे पेपरवाल्यापर्यंत जातो. एन-9 चं रजिस्टर चालू आहे, तिथली एकतीस झाली. हे कुठे धरायचं, असं मी एकदा विचारलं. आईंच्या खाती घाला म्हटलं. अण्णा म्हणाले, "पावती कुठाय?"

गेल्या महिन्यात ठेवीची मुदत संपली. एकवीस हजारांचे ₹25,481 झाले. त्यामुळे नवीन मुद्दा निघाला आहे. तरतूद एकवीस हजारांची होती, वरचे चार हजार चारशे एक्याऐंशी जनावरांचे, की अण्णांचे? नवी फाइल उघडली आहे. मूळ ठेवीचं तीन वर्षांसाठी नूतनीकरण झालं.

बीड बायपासच्या त्या जागेला मी परवा माझ्यापुरते दोन हजार देऊन आलो. गाढव उभं राहतंय. तुमच्या पाहण्यात अशी एखादी बरी संस्था असेल तर अण्णांना कृपा करून कळवू नका. परस्पर देऊन मोकळे व्हा.